एका कलमापुरतं गाईड

सर,

मागच्या महिन्यात बाररूममध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही असता तर दहाव्या मिनिटाला उठून गेला असता, पण त्या दिवशी तेवढी सोय तुम्हाला नव्हती. तुमचा फोटो टेबलावर उभा केला होता. हाराच्या वजनानं तो सारखा मागं कलायचा आणि बोलायला उठणारा प्रत्येक जण आधी तो सरळ करायचा, जणू एवढं केलं की तुमच्याबद्दल काहीही बोलायची मुभा मिळते. सनद मिळाल्यापासून ज्यांनी कायद्याचं एक पान सलग वाचलेलं नाही, असे सहा-सात जण तुमच्या वाचनावर बोलले. एकानं तुम्हाला चालतंबोलतं ग्रंथालय म्हटलं. त्याच्यानंतरच्यानंही तेच म्हटलं, कारण पहिला बोलत होता तेव्हा हा मोबाईल बघत होता. मग अक्कलकोट उठला. तुमचा लाडका, तुम्ही गावाच्याच नावानं हाक मारायचात तो. त्यानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि तुमच्या उन्हाळी वर्गानं शेकडो वकील घडवले असं म्हणून खाली बसला. शेकडो! तुमच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली एका वेळी चौदा पोरं मावायची, पंधरावं जिन्यात बसायचं, आणि त्यातली निम्मी पहिल्याच आठवड्यात पळून जायची.

मलाही दोघांनी बोलायचा आग्रह केला. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत बोलण्यासारखं नव्हतं, कारण तुमच्याबद्दल चांगलं त्यात फार थोडं होतं. म्हणून हे लिहायला बसले. आता तुम्हाला मधेच तोडता येणार नाही, हा एक फायदा आहे.

मी पहिल्यांदा तुमच्या जिन्यात उभी राहिले ते मोहोळहून पहाटेची एसटी धरून. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला तुमचा वर्ग भरायचा. नऊनंतर पत्रा तापायचा आणि शेजारच्या कारखान्यातले माग सुरू झाले की कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. लॉ कॉलेजात पुढच्या वर्षी जे असणार, ते तुम्ही उन्हाळ्यात वाचून घ्यायचात. शिकवायचात असं मी म्हणणार नाही. वाचून घ्यायचात. काय वाचून यायचं त्याची यादी कोर्टाच्या जुन्या बोर्डाच्या, म्हणजे रोजच्या खटल्यांच्या छापील यादीच्या, पाठकोऱ्या कागदावर लिहून जिन्यात चिकटवलेली असायची. पहिल्या दिवशी येतानाच कायद्याची पहिली बारा पानं स्वतःच्या अक्षरात उतरवून आणायची. झेरॉक्स आणली तर जिन्यातूनच परत. हात दुखल्याशिवाय कायदा डोक्यात जात नाही, असं तुमचं म्हणणं. माझा हात खांद्यापर्यंत दुखत होता आणि डोक्यात काही गेलेलं नव्हतं.

"नाव सांगू का सर?"

"नाव नको. गाव सांग."

"मोहोळ."

"हां. मोहोळ, पिशवीत काय हाय?"

पिशवीत गाईड होतं. पिवळ्या कव्हराचं, प्रश्नोत्तरांचं, जे घेऊन आख्खं कॉलेज पास व्हायचं. तुम्ही ते दोन बोटांत धरून वर काढलंत आणि सगळ्यांना दाखवलंत. "हे पुस्तक न्हाय. हा दुसऱ्यानं चावलेला घास हाय." मग वाकून ते गच्चीवरच्या डगमगत्या कूलरच्या पायाखाली सारलंत. तिथं आधीच तीन गाईडं होती. ज्यांची ती तीन होती, ते पण हसले. त्याच दिवसापासून मला तुमचा राग यायला लागला, हे आधी नोंदवून ठेवते. नंतर जे झालं त्यामुळं राग आला असं कुणी म्हणायला नको.

तुमची किती गोष्टींनी चीड यायची म्हणून सांगू. तुमचं इंग्रजी. 'ज्युरिस्डिक्शन' हा शब्द तुम्ही इतका फोडून म्हणायचात की मधे श्वास घेता यायचा. तुमचा चहा, जो फक्त तुम्हालाच यायचा. कुणी चांगलं वाचलं तर 'बरं' म्हणायचात, आणि वाईट वाचलं तर सबंध तालुक्याचा उद्धार करायचात, जणू मोहोळच्या मातीतच कायदा उगवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते 'वाचून ये'. अडचणीचा प्रश्न विचारला की तुमचं ठरलेलं उत्तर: "वाचून ये." आम्हाला सुरुवातीला वाटायचं ही शिस्त आहे. मग मी लक्ष ठेवलं. उत्तर येत असलं की तुम्ही वीस मिनिटं बोलायचात. उत्तर येत नसलं की दोन शब्द. हे मी तेव्हा अक्कलकोटला सांगितलं असतं तर तो रडला असता, पण तो माझ्यानंतरच्या वर्षीचा.

एक गोष्ट एकदाच लिहिते, परत म्हणणार नाही. साठ पानांचा निकाल हातात आला तर त्यातली कामाची ओळ कुठं आहे ते मला आज सापडतं. माझ्यासमोर उभा राहणारा वकील मोबाईलमधली अडीच ओळींची टिपणं वाचत असतो आणि मी आख्खं कलम वाचून आलेली असते. हे तुमचं. कॉलेजचं नाही, गाईडचं नाही. झालं.

आता त्या कलमाचं.

कलमाचा आकडा मी इथं देत नाही. एका लहानशा कायद्यातलं, अपील किती दिवसांत करायचं ते सांगणारं कलम. त्या कायद्याखाली सोलापुरात क्वचितच कुणी अपिलात जातं, त्यामुळं आकडा न सांगितल्यानं कुणाचं नुकसान नाही, आणि तुमची अब्रू राखायचं काम आता माझ्याकडंच आलेलं दिसतं. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. ते कलम तुम्ही तुमच्या पुस्तकातून वाचलंत. साठ दिवसांत अपील करावं. संपलं, पुढचं कलम. मी हात वर केला.

"सर, खाली परंतुक हाय की."

परंतुक म्हणजे कलमाच्या बुडाला 'परंतु' म्हणून जोडलेलं वाक्य. वरचा नियम तिथं थोडा सैल होतो. मला ते आठवत होतं: परंतु, मुदतीत अपील न करण्यास पुरेसं कारण होतं अशी खात्री झाल्यास, न्यायालय मुदतीनंतरही अपील दाखल करून घेऊ शकेल. उशीर माफ करायची सोय.

तुम्ही पुस्तकात बघितलंत. "न्हाय."

"हाय सर."

"कुठं वाचलंस?"

गप्प बसायला हवं होतं. पण मी तेवीस वर्षांची होते आणि बरोबर होते. म्हटलं, "गाईडमध्ये."

पुढची पंधरा मिनिटं तुम्ही गाईडांवर बोललात. मोहोळवर बोललात. पोरी लग्नाआधी टाइमपास म्हणून कायदा शिकायला येतात, असंही बोललात. ते तुम्ही विसरला असाल. माझ्याकडं शब्द न् शब्द आहे. मग म्हणालात, उचल पिशवी. मी कूलरच्या पायाखालून माझं गाईड ओढून काढलं. कूलर डगमगायला लागला आणि मी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसले. तिथं त्या कायद्याची प्रत होती, पुस्तक, गाईड नव्हे, आणि परंतुक जिथल्या तिथं होतं. मी ते उतरवून घेतलं. स्वतःच्या अक्षरात, तुमच्या नियमाप्रमाणं. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला तुमच्या दारात उभी राहिले आणि कागद पुढं केला. तुम्ही दाढी करत होतात, अर्ध्या गालाला साबण होता. कागद हातातही घेतला नाहीत. "वाचून ये," म्हणालात आणि दार लावून घेतलंत.

त्याला एकोणीस वर्षं झाली. मी गाईड वाचून पास झाले. हट्टानं, ठरवून, फक्त गाईड वाचून, तुम्हाला चिडवायला. तुम्हाला ते कळलं नाही हा भाग वेगळा. मग सनद घेतली, त्याच कोर्टात आले, आणि तेव्हापासून आपण एकाच व्हरांड्यातून ये-जा केली. "काय मोहोळ, वाचतीस का?" "वाचते की." एवढंच. त्यापुढं एक वाक्य तुम्ही बोलला नाहीत आणि एक मी. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं, 'त्या दिवशी तुझं बरोबर होतं.' पाच शब्द. तुमच्यासारख्या माणसाला ते जड का जावेत? दुसऱ्याच्या जबानीतली चूक तुम्ही ओळीवर बोट ठेवून दाखवायचात, आणि स्वतःची वेळ आली की दार बंद. मी तुमच्याइतका कोत्या मनाचा माणूस बघितला नाही असं माझं मत होतं, आणि ते मी फार काळजीनं जपलं.

दिवाळीनंतर तुम्ही अंथरुणाला खिळलात. काकूंचा पहिला फोन संक्रांतीच्या आसपास आला. तुम्ही असताना काकू कधी वर्गात बोलल्या नाहीत. त्यांचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही.

"शकू, मी सरांच्या घरनं बोलायले. जरा येऊन जातीस का? ते सारखं म्हणायलेत, मोहोळला बोलवा, मोहोळला बोलवा."

मी काय म्हणाले ते तुम्हाला काकूंनी सांगितलं असेल, नसेल. मी म्हणाले, "काकू, माझं नाव मोहोळ नाही म्हणावं. नाव माहीत असेल तर बोलवा." काकू म्हणाल्या, "बरं बाळा." दुसरा फोन महिन्यानं आला. तेव्हा मी उलटतपासणीची तयारी सांगितली. ती होती, पण माझ्या ऑफिसपासून तुमचं घर रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. वीस मिनिटं मला मिळाली असती. मी वाट बघत होते, सर. तुम्हीच निरोप नीट धाडाल, नाव घेऊन धाडाल, कशासाठी ते सांगून धाडाल. तुम्ही धाडला नाहीत. मग होळीच्या आधी तुम्ही गेलात.

तिसरा फोन मागच्या आठवड्यात.

"पोरं फोन करायलेत गं. सुट्टी लागली की वर्ग हाय ना म्हणून विचारायलेत. दोघं तर जिन्यात येऊन यादी बघून गेली. मी काय सांगू त्यांना?"

"यादी? कुठली यादी?"

"ह्या वर्षीची. झोपून लिहिली की त्यांनी. माझ्याकडून चिकटवून घेतली."

मी नाही म्हणायला गेले. फोनवर नाही म्हणता आलं असतं, पण मला ती यादी बघायची होती. शोकसभेत ज्यांनी तुमचा वारसा पुढं नेण्याची शपथ घेतली त्यातला एकही अजून तुमच्या जिन्यात फिरकलेला नव्हता, हेही मला बघायचं होतं. मला तुच्छतेला नवीन माल लागतो, तुमचीच शिष्या आहे.

यादी तीच. बोर्डाचा पाठकोरा कागद, अक्षर मात्र उतरणीला लागलेलं. बारा पानं स्वतःच्या अक्षरात. खाली कायद्यांची नावं. नवे फौजदारी कायदे आले म्हणून सगळं कोर्ट मोबाईलवर जुन्या कलमाचा नवा आकडा शोधत बसतं, आणि तुम्ही पडल्या पडल्या पोरांना लिहिलं होतंत, 'आकडे पाठ करू नयेत, मजकूर वाचावा.' आणि शेवटी त्या लहानशा कायद्याचं नाव. मला हसू आलं. म्हटलं, मरतानाही हट्ट सुटला नाही. अजून एका वर्षाच्या पोरांना परंतुक नसलेलं कलम शिकवणार.

काकूंनी तुमची पुस्तकं वर गच्चीवर माझ्या पुढ्यात आणून ठेवली. "ह्यातलं हे एक ते उशाला घेऊन असायचे," म्हणाल्या. तेच पुस्तक. तुमच्या पुस्तकांत छापलेलं कमी आणि चिकटवलेलं जास्त. कायद्यात दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठी मिळायची. ती कापून जुन्या मजकुरावर डकवायची, म्हणजे नवीन पुस्तक घ्यायला नको. तुम्ही ते काम स्वतः करायचात, दर रविवारी, आणि डिंक वापरायचा नाहीत. शेजारच्या कारखान्यातून सुतावर चढवायची खळ वाटीभर आणायचात. डिंकाची चिठ्ठी सुटते, खळीची सुटत नाही, हे तुम्ही कायद्याच्याच सुरात सांगायचात.

मी पान उघडलं. कलमावर चिठ्ठी होती. तीस दिवसांचे साठ दिवस झाले तेव्हाची. चिठ्ठी चार ओळींची आणि खालचा जुना मजकूर दोन ओळींचा. उरलेल्या दोन ओळी खालच्या परंतुकावर बसल्या होत्या. पान उचलून गच्चीच्या उन्हात धरलं तर आतली अक्षरं दिसत होती, एकावर एक चढलेली, वाचता न येणारी. पण मला वाचायची गरज नव्हती. पाठ आहे मला ते.

म्हणजे एवढंच होतं. पोरांकडून शब्द न् शब्द वाचून घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं परंतुक झाकलं आणि मग 'न्हाय' म्हणून सांगितलं. पुस्तकात बघून! ज्या पुस्तकापुढं बाकी सगळे घास चावलेले होते. मी तुमच्या गच्चीवर एकटी उभी राहून मोठ्यानं हसले. काकू खालून वर बघायला आल्या. मी त्यांना म्हटलं, वर्ग घेते मी. तुमची आठवण म्हणून नव्हे, हे तुम्हाला माहीत असावं. त्या पोरांसमोर हे पान उघडून, तुमच्याच पत्र्याखाली उभं राहून, एकोणीस वर्षांचं सव्याज परत करायचं म्हणून.

घरी येऊन पुस्तक परत बघितलं तेव्हा चिठ्ठीचा खालचा कोपरा दिसला. तो नखानं खरवडलेला होता. थोडा सुटला होता, मग खालचं पानच फाटायला लागलं म्हणून कुणीतरी तिथंच थांबलं होतं. मी त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. खरवडलं असेल काकूंच्या नातवानं, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी वर्ग भरला. अकरा पोरं. मी मुद्दाम यादीतला शेवटचा कायदा पहिला घेतला. समोर माळशिरसची एक पोरगी बसली होती, मागची दोन वर्षं तुमच्याकडं येत होती. तुमच्याच सवयीनं मी तिला गावानं हाक मारली, आणि मारल्यावर जीभ चावली. ती वाचायला लागली. वाचणं चांगलं होतं. कलम जवळ आलं तसं मी तुमचं पुस्तक उघडून धरलं, वाक्य तयार केलं.

त्या कलमाशी ती थांबली. वाकली, पिशवीत हात घातला आणि पिवळ्या कव्हराचं गाईड बाहेर काढलं. तिच्या शेजारच्यानंही काढलं. बघता बघता पाच-सहा गाईडं वर आली. तुमच्या पत्र्याखाली!

"हे काय आहे?" मी ओरडले. "कूलरखाली घालू का सगळी?"

माळशिरस गोंधळली. "मॅडम, ह्या कलमाला चालतंय की. सरच म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

"ह्या एका कलमापुरतं गाईड काढा, म्हणायचे. माझ्या पुस्तकावर भरवसा ठेवू नका, म्हणायचे. मोहोळची एक पोरगी होती, तिनं ह्या कलमाला मला अडवलं आणि मी तिला हाकलली, असं सांगायचे. दरवर्षी सांगायचे, मॅडम. मग आमाला परंतुक दोनदा वाचायला लावायचे, मोठ्यानं." मग तिनं विचारलं, "तुमी वळखता का त्यांना? लई हुशार होती म्हणायचे."

मी पाणी पिऊन येते म्हणून जिन्यात आले. तिथून अक्कलकोटला फोन लावला. तुमच्या वर्गाला तो माझ्यानंतर बरोबर एक वर्षानं आला होता. मी फक्त कलमाचा आकडा म्हटला.

"ते व्हय," तो म्हणाला. "गाईडचं कलम. आमच्या वर्षीपासनं हाय की ते. तुला माहीत न्हवतं? मला वाटलं, तुमचं मिटलंय कवाच."

त्याच्या शोकसभेतल्या रडण्याबद्दल मी वर जे लिहिलं, ते तसंच राहू दे. पण फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसले, पंधराव्या पोराच्या जागी.

अठरा उन्हाळे, सर. अठरा वर्गांच्या पोरांना तुम्ही सांगितलंत. अक्कलकोटला, माळशिरसला, मधे पळून गेलेल्यांना, जे आज वकील नाहीत त्यांनाही. ज्यांना काही घेणंदेणं नव्हतं त्या सगळ्यांपुढं दरवर्षी उभं राहून कबूल केलंत, आणि व्हरांड्यात मी समोरून आले की "काय मोहोळ, वाचतीस का?" ह्याला काय म्हणायचं? मी तुम्हाला भित्रा म्हणते. कोर्टात तुम्ही कुणाला भ्यालेलं मी बघितलं नाही, आणि एका मोहोळच्या पोरीला पाच शब्द सांगायला तुम्हाला अठरा वर्षं जमलं नाही. आणि जमवायचं ठरवलंत तेव्हा फोन काकूंना करायला लावलात. नखानं चिठ्ठी खरवडत बसलात, पुस्तक उशाला घेऊन. मला दाखवायला. मी येईन म्हणून.

आणि मी नाव विचारत बसले.

हे मला कुणावरही ढकलता येत नाही. सकाळपासून प्रयत्न करतेय. तुमच्यावर ढकलून बघितलं, थोडा वेळ टिकतं. तुम्ही कोत्या मनाचे होता, हे मत मी अजून सोडलेलं नाही. पण तुम्ही उशिरा का होईना बोलावलंत. दोनदा. मी वीस मिनिटांवर होते आणि बरोबर असण्यात इतकी रमले होते की उठले नाही. बाररूममधल्या त्या सात जणांना मी नावं ठेवते. ते निदान तुमचा फोटो तरी सरळ करायला आले.

मी वर गेले. गाईडं अजून उघडी होती, मिटावीत की नको ते पोरांना कळत नव्हतं. मी तुमचं पुस्तक पालथं ठेवलं आणि माळशिरसला म्हटलं, "वाच. परंतुक. दोनदा, मोठ्यानं."

तिनं वाचलं. शेजारच्या कारखान्यात पहिला माग सुरू झाला होता, त्याच्यावर आवाज चढवून वाचलं. मुदतीत अपील न करण्यास पुरेसं कारण होतं अशी खात्री झाल्यास. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं बोट तसंच ओळीवर ठेवलं आणि वर बघितलं.

"मॅडम, पुरेसं कारण म्हंजे नेमकं काय? गाईडात दिलेलं न्हाय."

मला उत्तर येतं, सर. आजारपण येतं, चुकीचा सल्ला मिळालेला असतो, कागद हाती आलेले नसतात, पत्ता माहीत नसतो. यावर मी वीस मिनिटं बोलू शकते, निकालांसकट. मी तोंड उघडलं आणि एकेक कारण स्वतःला लावून बघितलं. मी आजारी नव्हते. पत्ता माहीत होता. निरोप दोनदा मिळाला होता. आणि माझा अर्ज ज्यांच्यापुढं चालायचा, ते होळीच्या आधी गेले.

ती वाट बघत होती. अकराच्या अकरा वाट बघत होती.

"वाचून ये," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि वहीत प्रश्न उतरवून घेतला. शिस्त वाटली असेल तिला.